गाणं जन्माचं की शिकलेलं?

घरातला लहान उंदीर जेमतेम वीस ग्रॅमचा. मूळचा ऑस्ट्रेलियातला आणि आपल्याकडेही हौसेनं पाळला जाणारा झेब्रा फिंच हा पक्षी त्याहून हलका, बारा ते पंधरा ग्रॅमचा. दोघांचेही नर मादीपुढे गातात. उंदराचं गाणं मात्र आपल्या कानांच्या पल्याडचं. माणसाला फार तर २० किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. उंदराचे सूर बहुतेक ५० च्याही वर. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ते ध्वनिमुद्रित करून तपासले, तेव्हा त्यात पुन्हा पुन्हा येणारे ठरावीक तुकडे सापडले.

मग उंदीर हे गाणं शिकतो का? हे ठरवायच्या दोन कसोट्या आहेत.

पहिली, पालक बदलून पाहणं. उंदराचं पिल्लू दुसऱ्या वाणाच्या आईकडे वाढवलं, तरी मोठेपणी ते आपल्या जन्मदात्यांच्याच वाणाचं गातं. झेब्रा फिंचचं पिल्लू बंगाली फिंचच्या घरट्यात वाढवलं, तर ते पालक बापाचे सूर उचलतं.

दुसरी कसोटी कानांची. जन्मतः बहिरा उंदीरही जवळजवळ इतरांसारखाच गातो. फिंचला लहानपणीच ऐकू येईनासं झालं, तर त्याचं गाणं कधी नीट बसतच नाही. मोठेपणी बहिरेपण आलं, तरी बसलेलं गाणं हळूहळू विस्कटतं.

फिंचचं शिक्षण जवळून पाहण्यासारखं असतं. साधारण पंचविसाव्या दिवसापासून पिल्लू बापाचं गाणं मनात साठवू लागतं. मग स्वतः पुटपुटतं: अस्पष्ट, दर वेळी वेगळं. स्वतःचा आवाज ऐकायचा, मनातल्या नमुन्याशी ताडायचा, दुरुस्त करायचा, हे दिवसभर चालतं. नव्वदाव्या दिवसाच्या सुमारास गाणं पक्कं होतं आणि पुढे जन्मभर जवळपास तेच राहतं.

वंशवेलीत उंदीर आपल्याला कितीतरी जवळचा. तरी बोलायला शिकण्याच्या बाबतीत आपलं खरं साम्य या पाखराशी आहे. फॉक्सपी२ हे जनुक बिघडलं तर माणसाला बोलणं जड जातं, हे २००१ मध्ये कळलं. २००७ मध्ये फिंचच्या मेंदूच्या एका भागात त्याच जनुकाचं काम कमी केलं, तर पिल्लांची नक्कल अर्धवट आणि चुकीची उतरली.

आधी ऐकणं, मग बोलणं, आणि तेही ठरावीक वयात. म्हणून बाळ बोलायला लागेपर्यंत वाट पाहू नये. त्याच्या कानांची तपासणी जन्मानंतर लगेच करून घ्यावी.