ईश्वर आणि तर्क : लेखांक ४ – घडा, डोंगर आणि वारूळ

ईश्वर आहे की नाही हा वाद म्हटला की वेद मानणारे एका बाजूला आणि न मानणारे दुसऱ्या बाजूला, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांइतका वेदांचा कैवारी शोधून सापडायचा नाही, आणि ‘श्लोकवार्तिका’त जगाचा कर्ता नाकारणारेही तेच. वेद कुणीतरी रचले म्हटले की त्यांची मातब्बरी रचणाऱ्याच्या भरवशावर टांगली जाते, हे कुमारिलांसारख्या मीमांसकांना नको होते. यज्ञाचे फळ द्यायला त्यांचे ‘अपूर्व’, म्हणजे यज्ञातून उपजणारी अदृश्य शक्ती, समर्थ होतेच; त्यासाठी ईश्वर लागत नव्हता.

न्यायदर्शन मानणाऱ्यांचे, म्हणजे नैयायिकांचे, गणित उलटे. बोलणारा विश्वासू असेल तरच शब्द प्रमाण, म्हणून वेदांना वक्ता हवा. मात्र वेदावरून ईश्वर आणि ईश्वरावरून वेद, असे सिद्ध करू गेले तर अन्योन्याश्रय होतो. तेव्हा वेदाबाहेरचा आधारही लागतो, आणि तो म्हणजे अनुमान. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी हजारेक वर्षांपूर्वी ‘न्यायकुसुमांजली’त ते लढवले. जे जे कार्य, त्याला कर्ता असतोच, जसा घड्याला कुंभार. पृथ्वी, अंकुर हीही कार्येच, म्हणून त्यांनाही कर्ता आहे. हा ईश्वर शून्यातून काही काढत नाही. परमाणू आणि जीव नित्यच आहेत. तो परमाणू जुळवतो.

आक्षेप लगेच येतो. कुंभाराला हातपाय असतात, ईश्वराला शरीर कुठे? उत्तर असे, की कर्तेपणाला शरीर लागत नाही. सामग्रीचे साक्षात ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न असले की झाले, आणि ईश्वराच्या ठायी ही तिन्ही नित्य आहेत. बरे, रानात आपोआप उगवणाऱ्या गवताचे काय? तिथे कर्ता दिसत नाही, म्हणजे नियम मोडलाच ना? नैयायिक म्हणतात, गवताचा कर्ता आहे की नाही हाच तर वादाचा विषय. ते पक्षातच, म्हणजे ज्याबद्दल सिद्ध करायचे आहे त्यातच, मोडते, आणि पक्षातली वस्तू प्रतिउदाहरण म्हणून वापरता येत नाही. नियमाला धरून आहे खरे. पण मला हे उत्तर वकिली वाटते. गैरसोयीची प्रत्येक वस्तू पक्षात घातली, तर नियमाला धक्का लागणार तरी कसा?

खरा घाव बौद्ध धर्मकीर्तींचा. ओसाड देऊळ पाहून आपण बांधणारा ओळखतो, कारण तशा रचना माणूस करताना आपण पाहिलेले असते. डोंगर पाहून तसे होत नाही. दोहोंना ‘कार्य’ हे एकच नाव लावले म्हणून ती एका जातीची होत नाहीत. मातीचे आहे एवढ्यावर कुंभार सिद्ध होत असेल, तर वारूळही त्यानेच केले म्हणावे लागेल! घर आणि विश्व यांतले साम्य फार तोकडे आहे, हे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचे म्हणणे 1779 साली, त्याच्या मृत्यूनंतर छापून आले. धर्मकीर्ती त्याच्या हजारावर वर्षे आधीचे.

उदयनांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की धूर चुलीचा असो वा वणव्याचा, अग्नीचे अनुमान आपण दोन्हीकडे करतो. बारकावे वेगळे असले तरी सामान्य धर्म पुरतो. पण वणव्यातला अग्नी जवळ जाऊन पाहता येतो. डोंगराच्या कर्त्याबाबत ती सोय नाही.

कुमारिलांचा आणखी एक प्रश्न उरला आहे : ईश्वराने करुणेपोटी जग निर्मिले म्हणावे, तर निर्मितीपूर्वी दुःखी होते कोण? तो पुढच्या आठवड्यात.