इंग्लंडच्या किनाऱ्यावर सहकुटुंब कॅम्पिंग? आधी भरतीची वेळ पाहा

डॉर्सेटच्या ज्युरासिक कोस्टवर मुलांसह तंबूत राहायचंय? मग दिवसाचा बेत ओहोटीच्या वेळेवर आखा. लाइम रेजिस ते चारमथ या पट्ट्यात जीवाश्म सापडतात. पण भरती आली की मागे कडा, पुढे पाणी आणि परतीची वाट बंद! पाणी ओसरत असतानाच निघा, चढण्याआधी परता. कड्याखाली बसू नका, दरडी कोसळतात. जीवाश्म गोट्यांमध्येच शोधा.

भरतीचे तास लाइम रेजिस संग्रहालयासाठी ठेवा. १८११-१२ मध्ये भावासोबत इक्थिओसॉरचा सांगाडा शोधणाऱ्या मेरी ॲनिंगच्या जन्मघराच्या जागेवरच ते उभं आहे. तेव्हा ती जेमतेम बारा वर्षांची होती, हे मुलांना जरूर सांगा.

तंबू मात्र वाट्टेल तिथे ठोकता येत नाही, जमीनमालकाची परवानगी लागते. सुट्ट्यांत कॅम्पसाइट आधीच बुक करा. पाण्यात अडकलात, तर ९९९ फिरवून कोस्टगार्डची मदत मागा.