स्पूलचा वेग आणि गाण्याचा सा

स्पूल टेपरेकॉर्डरमध्ये टेप ओढण्याचं काम कॅपस्टन ही बारीक पोलादी दांडी करते. रबरी पिंच रोलर टेपला तिच्यावर दाबून धरतो आणि दांडी फिरेल तशी टेप हेडवरून सरकते, बहुधा सेकंदाला 19.05 सेंटिमीटर, नाहीतर त्याच्या निम्म्या वेगाने. हा वेग एक टक्का चुकला की सूर साधारण 17 सेंट हलतो. पेटीवर शेजारच्या दोन सुरांत, काळी-पांढरी धरून, 100 सेंटचं अंतर असतं. तानपुरा जुळवणाऱ्या माणसाला 17 सेंट लगेच खटकतात.

जुन्या बैठकींची ध्वनिमुद्रणं स्पूलवरून संगणकावर उतरवण्याचं काम मी करतो. बहुतेक टेपा घरगुती आहेत: दिवाणखान्यातलं गाणं, यजमानांचा रेकॉर्डर, मागे पंख्याची घरघर. या कामात खरखर काढण्याची चर्चा फार होते, वेगाची कमी. मला क्रम उलटा हवासा वाटतो. खरखरीतूनही गाणं पोचतं. सा डळमळत असेल तर ऐकणाऱ्याचं मन कुठेच ठरत नाही.

माझं यंत्र रीवॉक्स ए77. विली स्टुडर यांच्या स्विस कंपनीने ते 1967 मध्ये आणलं. त्याआधीच्या जी36 मध्ये कॅपस्टनची मोटर सिंक्रोनस होती, म्हणजे तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला. ए77 ने ते बंधन तोडलं. त्याच्या मोटरच्या फिरत्या कडेवर बारीक दाते कापलेले आहेत आणि त्यांच्यासमोर एक छोटं चुंबकीय हेड आहे. प्रत्येक दाता जाताना हेडमध्ये विजेचा एक ठोका उमटतो. ठोके किती वेगाने येताहेत हे सर्किट कॉइल आणि कंडेन्सरच्या ठरावीक जोडीशी ताडून बघतं आणि त्याप्रमाणे मोटरचा व्होल्टेज कमी-जास्त करतं. 1967 साली घरगुती यंत्रात ही योजना बसवणाऱ्यांबद्दल मला आजही आदर वाटतो.

अडचण आहे ती वयाची. ज्या जोडीशी वेग ताडायचा, तीच आता तापमानाने आणि काळाने सरकते. सुरू केल्यावर एक वेग, यंत्र तापल्यावर दुसरा. या सर्किटच्या बोर्डावरचे प्रीसेट, म्हणजे वेग जुळवायचे छोटे स्क्रू, आतून काळवंडतात. त्यांचा संपर्क क्षणभर तुटला तरी मोटर एकदम बिथरते. प्रीसेट आणि कंडेन्सर बदलून जुना बोर्ड सुधारता येतो, आणि फक्त ऐकण्याची हौस असेल तर तेवढं पुरतं. ध्वनिमुद्रण जतन करायचं असेल तर मात्र मी क्रिस्टलवर चालणारा नवा बोर्ड बसवावा असंच सांगतो. क्वार्ट्झच्या क्रिस्टलची चूक लाखात पाच-दहा भागांपलीकडे सहसा जात नाही, आणि एवढा फरक कुठल्याच कानाला कळणार नाही. जुना बोर्ड टाकू नये. चिठ्ठी लावून पिशवीत घालून तो यंत्राबरोबरच ठेवावा.

प्लग काढून, मोटरचा कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामा करून मगच यंत्रात हात घालायचा. त्यात साठलेली वीज चांगलाच झटका देते. बोर्ड बदलणं तसं सोपं आहे. वेळ लागतो तो त्याची नस सापडायला. ऑसिलोस्कोपवर मी दोन रेषा ठेवतो, वर क्रिस्टलचे ठोके, खाली मोटरच्या दात्यांचे. वेग जुळला की दोन्ही एकमेकींखाली स्थिर उभ्या राहतात. मग प्ले दाबायचं. पिंच रोलर कॅपस्टनवर येऊन बसतो, मोटरवर भार पडतो, खालची रेषा मागे घसरते आणि परत जागेवर येते. ती परत कशी येते हेच बघायचं असतं. पुढे-मागे हेलकावे घेत आली तर सर्किट फार घाई करतंय, आणि तो हेलकावा तानपुऱ्याच्या खर्जात थरथर म्हणून ऐकू येईल. रेंगाळत आली तर पकड ढिली आहे. एकदा किंचित पुढे जाऊन जागेवर येऊन थांबली की मी प्रीसेटला पुन्हा हात लावत नाही.

एवढं करूनही बोर्ड सांभाळतो तो मोटरचा वेग, टेपचा नाही. पिंच रोलरचं रबर कडक आणि चकचकीत झालं असेल तर मोटर अचूक फिरते आणि टेप कॅपस्टनवरून घसरते. मोटरच्या बेअरिंगमधलं तेल सुकलं असेल तर नवा बोर्ड बिचारा जास्त व्होल्टेज देत राहतो, एवढंच. म्हणून आधी तेल आणि रबर, मग इलेक्ट्रॉनिक्स. शेवटी 3150 हर्ट्झचा सूर भरलेली चाचणीची टेप लावायची आणि फ्रिक्वेन्सी काउंटरवर आकडा बघायचा: रिळाच्या सुरुवातीला, मध्ये आणि अखेरीस.

यंत्र असं पक्कं झालं, की जी चूक उरते ती टेपवरची, मूळ रेकॉर्डिंगच्या वेळची. त्यासाठीच हा खटाटोप करायचा.

पूर्वी आपल्याकडे विजेची मागणी वाढली की फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झच्या खाली उतरायची. ती 48.5 झाली की सिंक्रोनस मोटरचा रेकॉर्डर तीन टक्के मंद चालणार. ती टेप आज अचूक वेगाने वाजवली की गाणं सुमारे 53 सेंट चढलेलं ऐकू येतं. शिवाय बैठक लांबली, रात्री गावातले दिवे मालवले, की भार उतरून फ्रिक्वेन्सी पुन्हा वर सरकायची आणि रेकॉर्डर वेग घ्यायचा. आज ऐकताना मध्यरात्रीकडे सा हळूहळू उतरत जातो. तानपुरा उतरला असं वाटतं, पण तबला आणि पेटीही त्याच्याच बरोबर, तेवढ्याच उतरतात. पेटीचा सूर बैठकीत असा उतरत नाही. चढलेली असते ती विजेची फ्रिक्वेन्सी.

अशा वेळी टेपमध्ये शिरलेल्या मेन्सच्या गुणगुणीवरून मूळ वेग शोधावा असं अनेकांना सुचतं. सिंक्रोनस रेकॉर्डरच्या बाबतीत हा पुरावा फसवा आहे. वीज 48.5 हर्ट्झ होती तर गुणगुणही 48.5 ची, आणि मोटरही त्याच प्रमाणात मंद. आज वाजवताना दोन्ही एकदम चढतात आणि गुणगुण बरोबर 50 वर येते. गाणं अर्ध्या सुराने चुकलेलं असलं तरी ती 50 च दाखवणार. तिच्यावरून माझं यंत्र नीट चालतंय की नाही आणि टेप घसरली का, एवढंच कळतं.

मूळ पट्टीसाठी पेटीकडे जावं लागतं. नुसता तानपुरा असेल तर गायक कुठेही सा धरू शकतो. पेटीचे सूर मात्र बांधलेले असतात. जुन्या पेट्या एकमेकींपेक्षा थोड्या चढ-उतर असल्या तरी काळी एक आणि पांढरी दोनच्या बरोबर मधोमध सा आला, तर बहुधा वेगच चुकलेला असतो. मग त्या गायकाची नेहमीची पट्टी माहीत असलेल्या कुणाला तरी बोलावतो. वेग एक-एक टक्क्याने बदलत आम्ही ऐकतो, आणि आवाजाची जात ओळखीची वाटू लागते तिथे थांबतो.

60 हर्ट्झसाठी बनलेला अमेरिकी सिंक्रोनस रेकॉर्डर पुली न बदलता इथे चालवलेला असेल, तर फरक फार मोठा. यंत्र पाच-षष्ठांश वेगाने चालतं आणि काळी एकचं गाणं आज पांढरी तीनच्याही थोडं वर ऐकू येतं, लयही वीस टक्के चढलेली. मध्ये कुणी दोन वाक्यं बोललेलं असलं की अशी टेप लगेच ओळखू येते.

बदललेला वेग मी मूळ प्रतीत कधीच मिसळत नाही. पहिली प्रत प्रमाण वेगाने, 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झवर. सुधारलेली प्रत वेगळी, आणि तिच्याबरोबर कागद: कुठल्या मिनिटाला किती टक्के बदल केला, कशाच्या आधाराने केला, कुणी ऐकून ठरवला. उद्या कुणाचा कान माझ्यापेक्षा तयार निघाला तर त्याला कामाला सुरुवात मूळ प्रतीपासूनच करता आली पाहिजे.