विम्याच्या पत्रातील ‘वजावट’ कशी वाचावी?

निपाणीच्या बाजारात तंबाखूची किंवा बेळगावात भाजीची पट्टी हाती आली, की आपण हमाली, तोलाई, अडत एकेक करून तपासतो. आजारपणानंतर विमा कंपनीचे पत्र येते, ते मात्र न वाचताच ठेवून देतो. ‘कंपनीने पैसे कापले’ एवढेच लक्षात राहते. प्रत्येक कपातीचे कारण वेगळे असते. काही कपाती अटींप्रमाणे असतात, काहींविरुद्ध दाद मागता येते. म्हणून हे पत्रही पट्टीसारखेच वाचावे.

१. ठराविक वजावट (डिडक्टिबल): बिलातील पहिली ठरलेली रक्कम आपण सोसायची, त्यावरची कंपनी देते. समजा वजावट 2 लाखांची आहे आणि बिल 3,20,000 रुपये झाले, तर कंपनी 1,20,000 देईल. अशी वजावट असलेल्या विम्याचा हप्ता कमी असतो, म्हणून पुष्कळजण तो घेतात. पण ‘टॉप-अप’ आणि ‘सुपर टॉप-अप’ यांत मोठा फरक आहे. वर्षात दीड-दीड लाखाची दोन आजारपणे आली, तर टॉप-अपमध्ये प्रत्येक बिल वेगळे मोजतात व हाती काहीच येत नाही. सुपर टॉप-अपमध्ये वर्षाची बेरीज धरतात, म्हणून 1 लाख मिळतात.

२. सहभाग (को-पेमेंट): मंजूर रकमेतील ठरलेला टक्का आपला. 2020 साली सुरू झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ विम्यात हा 5 टक्के ठेवला आहे. 80,000 मंजूर झाले, तर 4,000 आपले.

३. खोलीभाडे: बहुतेकांची फसगत इथे होते. याच विम्यात दिवसाचे भाडे विमा रकमेच्या 2 टक्के, पण 5,000 रुपयांच्या आतच मिळते. 1 लाखाचा विमा असेल तर मर्यादा 2,000. कोणी 4,000 ची खोली घेतली, तर जादा भाडे आपण भरायचेच. शिवाय डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा खर्च हेही त्याच प्रमाणात निम्मे होऊ शकतात. मात्र विमा नियामक प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे औषधे, तपासण्या व शरीरात बसवलेली साधने यांवर अशी कपात करता येत नाही. केली असेल तर हरकत घ्यावी.

४. किरकोळ वस्तू: साबण, कंगवा, नोंदणी फी वगैरे. या सहसा मिळत नाहीत.

सरकारी योजनांचा हिशेब निराळा असतो. कर्नाटकाच्या आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. दारिद्र्यरेषेवरील कुटुंबाला मात्र सरकारी दराच्या 30 टक्केच, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. म्हणजे 60,000 च्या उपचारात सरकारचे 18,000 आणि आपले 42,000. सहकारी सोसायटीच्या सभासदांसाठी असलेली यशस्विनी योजना जानेवारी 2023 पासून पुन्हा चालू झाली आहे, पण ती यादीतील इस्पितळांत व यादीतील उपचारांनाच लागू आहे. आपल्या भागातील रोगी कोल्हापूर-मिरजेकडे धाव घेतात. जीवावरचा प्रसंग नसेल, तर आपले कार्ड तिथे चालते काय, हे निघण्यापूर्वीच विचारावे.

भरती होताना तीन गोष्टी विचाराव्यात: माझ्या विम्यात खोलीभाडे किती? वजावट किती? सहभाग किती टक्के? इस्पितळाच्या विमा खिडकीवर याची उत्तरे मिळतात.

कपात पटली नाही, तर कंपनीला लेखी अर्ज करून कोणत्या कलमाखाली पैसे कापले ते विचारावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. कर्नाटकासाठी हे कार्यालय बेंगळूरला आहे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र बिले, औषधांच्या चिठ्ठ्या आणि कंपनीचे पत्र यांच्या प्रती जपून ठेवल्या पाहिजेत. कागद नसेल तर खरी तक्रारही लंगडी पडते.