काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कील

जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावरचं कील हे बंदराचं शहर. तिथला ‘टीएचडब्ल्यू कील’ हा क्लब 1904 मध्ये व्यायाम मंडळ म्हणून सुरू झाला. हँडबॉल आला 1923 मध्ये. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीमुळे खेळाडूंना सगळे ‘झेब्रा’ म्हणतात.

1957, 1962 आणि 1963 च्या राष्ट्रीय विजेतेपदांनंतर मात्र तब्बल तीन दशकं दुष्काळ पडला. तो 1994 मध्ये संपवला प्रशिक्षक नोका सेर्दारुशिच यांनी, आणि मग क्लबने मागे वळून पाहिलं नाही. 2023 पर्यंत 23 विजेतेपदं! जर्मनीत इतकी दुसऱ्या कुणाकडेही नाहीत. चॅम्पियन्स लीगही 2007, 2010, 2012 आणि 2020 अशी चारदा जिंकली.

या सगळ्यात 2011-12 चा हंगाम खास. आल्फ्रेड गिस्लासन यांच्या संघाने जर्मन लीगमधले 34 पैकी 34 सामने जिंकले, बरोबरीसुद्धा एकही नाही. गोलपोस्टमध्ये फ्रान्सचा थिएरी ओमेये, आक्रमणात चेक फिलिप यिखा. त्याच वर्षी जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीगही कीलचीच. इतका निर्दोष हंगाम कुठल्याही सांघिक खेळात विरळाच.

घरचं मैदान असलेलं ओस्टझेहाले 1951 मध्ये उभं राहिलं, तेही झिल्ट बेटावरच्या जुन्या विमान हँगरचा सांगाडा वापरून. आज तिथे सुमारे 10 हजार प्रेक्षक बसतात. चॅम्पियन्स लीगचा 2020 चा अंतिम सामना मात्र कोविडमुळे लांबला आणि डिसेंबरअखेर कोलोनमध्ये प्रेक्षकांविना झाला. कीलने बार्सिलोनाला 33-28 असं हरवलं. तेव्हा प्रशिक्षक होता तोच यिखा.