दम्याचे औषध विद्यार्थ्याजवळच असावे

कर्जत व खालापूर तालुक्यांतील अनेक ठाकुरवाड्या डोंगरउतारावर असून तेथून दवाखाना दूर पडतो. चुलीचा वा राब भाजण्याचा धूर, थंडी, खडूची धूळ यांमुळे दमेकरी मुलाच्या श्वासनलिका आकुंचन पावतात. अशा वेळी सालबुटामॉलचा पंप काही मिनिटांतच त्या सैल करतो. तो कपाटात कुलूपबंद ठेवल्यास किल्ली शोधण्यातच मोलाचा वेळ जातो. म्हणून जाणत्या मुलाने पंप दप्तरात बाळगावा. लहान मुलाचा पंप वर्गशिक्षकाने वर्गातच हाताशी ठेवावा. पालकांची संमती व डॉक्टरांची चिठ्ठी शाळेत असावी.

धाप लागताच मुलास ताठ बसवावे, निजवू नये. पंप हलवून, स्पेसर लावून एकेक फवारा द्यावा व प्रत्येक फवाऱ्यामागे चार-पाच श्वास घेऊ द्यावेत. सांगितलेल्या मात्रेने उतार न पडल्यास, बोलवेनासे झाल्यास किंवा ओठ निळसर दिसल्यास तत्काळ १०८ क्रमांकास कळवावे. गाडी वाडीपर्यंत येत नसेल तर मुलास खुर्चीत बसवूनच रस्त्यापर्यंत न्यावे. पंप सोबत असावा. मुलास क्षणभरही एकटे सोडू नये.