कोय कलम : दोन वनस्पतींमधील सांधा

हापूसची कोय रुजवून वाढविलेले झाड मातृवृक्षासारखेच फळ देईल, याची खात्री नसते. या कोयीत लैंगिक जननातून आलेला एकच भ्रूण असतो व त्यात गुणांची नवी जुळणी झालेली असते. म्हणून कोकणात हापूसची अभिवृद्धी कलमानेच होते. पूर्वीच्या भेट कलमात कुंडीतील रोप मातृवृक्षाच्या फांदीपाशी नेऊन बांधावे लागे. कोय कलमाने हा खटाटोप वाचविला.

पावसाळ्याच्या आरंभी रुजलेले, १० ते १५ दिवसांचे, तांबूस पानांचे रोप येथे खुंट म्हणून घेतात. शेंडा छाटून त्याच्या खोडास मधोमध उभा छेद देतात. मातृवृक्षावरील ३-४ महिने वयाची, तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवितात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात.

सांधा जुळतो तो साल व लाकूड यांमधील कँबियम या पातळ, विभाजनक्षम थरामुळे. जखमेलगतच्या पेशी विभागून मऊ कॅलस तयार होतो. दोन्ही बाजूंचा कॅलस एकमेकांस भिडतो, त्यातून नवे कँबियम सलग होते आणि मग जलवाहिन्या व रसवाहिन्या जोडल्या जातात. तोवर काडीस मुळांकडून पुरेसे पाणी मिळत नाही. भेट कलमातील फांदी या काळात मातृवृक्षावरच पोसली जाते. कोय कलमातील काडीला मात्र हवेतील दमटपणाचाच आधार. पावसाळ्याची निवड त्यासाठीच असते.

खुंट व काडी 'एकजीव' होतात असे सर्रास म्हटले जाते, ते शब्दशः घेऊ नये. वाहिन्या जोडल्या तरी प्रत्येक भागाच्या पेशी आपापला जनुकसंच राखतात. तंबाखूवरील प्रयोगांत सांध्यालगतच्या पेशींमध्ये हरितलवकातील जनुकांची देवाणघेवाण आढळली (२००९). पण ती सांध्यापुरतीच होती. बागायतदाराच्या दृष्टीने जुनाच नियम खरा : सांध्याखालून आलेला फुटवा रायवळ खुंटाचा असतो. तो वेळीच न काढल्यास हापूसची काडी मागे पडते आणि कित्येक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर हाती रायवळ आंबा येतो.

एकदल वनस्पतींत कँबियम नसल्याने त्यांचे कलम होत नाही, हे क्रमिक पुस्तकांतील विधान मात्र आता दुरुस्त करावयास हवे. बीजातील भ्रूणावस्थेतच ऊती जोडल्यास गव्हाचे कलम ओटच्या खुंटावर जगते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे.